शेवटची लोकल आणि तिसरी घंटा

(डोंबिवलीतील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



‘मुंबईची नाट्यगृहं’ असा विषय मला दिलेला आहे. त्यावर झुंबरं, मखमली पडदे आणि बालगंधर्वांचे शालू असं एक व्याख्यान होऊ शकतं. ते आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे आणि ते करणारे माझ्यापेक्षा फार छान करतात. मला या विषयाकडे मागच्या दाराने यायचं आहे. नाटक सुटल्यावर प्रेक्षक घरी कसा जातो, तिथून. नाट्यगृह कुठे बांधायचं हे मुंबईत पैसेवाल्याने, संस्थेने किंवा सरकारने ठरवलं. पण ते चाललं की बसलं, हे प्रेक्षक राहतो कुठे यावर ठरलं. डोंबिवलीकरांना हे पटवून द्यायला लागू नये. रात्री साडेअकराला दादरच्या जिन्यावर धावलेली माणसं इथे बरीच बसलेली दिसतात.

सुरुवात साहेबापासून. १७७६ मध्ये किल्ल्याच्या आत, बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात इंग्रजांनी वर्गणी काढून एक थिएटर बांधलं. नटही तेच, प्रेक्षकही तेच. ते थिएटर कर्जात बुडालं आणि शेवटी विकावं लागलं. पुढे नव्या थिएटरची मागणी झाली तेव्हा नाना शंकरशेटांनी ग्रँट रोडला जागा दिली आणि १८४६ मध्ये तिथे थिएटर उभं राहिलं. आता गंमत बघा. थिएटर बांधलं साहेबासाठी, पण साहेब राहायचा कोटात. रात्री घोडागाडी जुंपून, वेशीबाहेर पडून, ग्रँट रोडला नाटक बघायला जायचं हे त्याला फार दूर वाटू लागलं. थिएटरच्या आसपास राहत होते गिरगावकर, भुलेश्वरकर, पारशी, गुजराती. चालत येण्याच्या अंतरावर. मग जे व्हायचं तेच झालं. सांगलीत १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ करणारे विष्णुदास भावे १८५३ मध्ये आपली मंडळी घेऊन मुंबईत आले आणि याच थिएटरात त्यांनी खेळ केला. त्याच वर्षी पारशी मंडळींचं नाटकही तिथेच सुरू झालं. थिएटर बांधून सात वर्षं होतात न होतात तोवर रंगमंचावर एतद्देशीय उभे. कुणी चळवळ केली नाही, अर्ज केला नाही. घर जवळ असणाऱ्यांनी ते थिएटर आपलं केलं. आणि योगायोग म्हणा, बोरीबंदर-ठाणे गाडीही १८५३ चीच. म्हणजे मुंबईचं मराठी नाटक आणि मुंबईची आगगाडी एका वयाची आहेत.

त्या एका थिएटरभोवती मग थिएटरांचं मोहोळ जमलं. व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन, रिपन, बालीवाला. आपण ज्याला पिला हाऊस म्हणतो तो हा भाग. पुढे यांतल्या काहींची सिनेमागृहं झाली. ८ जुलै १९२१ चा संयुक्त ‘मानापमान’ बालीवाला थिएटरात झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या प्रयोगाच्या गोष्टी पुरेशा सांगून झाल्या आहेत, मी सांगत नाही. फक्त एवढंच लक्षात घ्या की त्या काळचं संगीत नाटक रात्री उशिरा सुरू व्हायचं आणि पहाटेपर्यंत चालायचं. वन्समोअरवर वन्समोअर. हे परवडायचं, कारण बराचसा प्रेक्षक पायी घरी जाणारा होता किंवा उजाडेपर्यंत थांबायला तयार होता. नाटक पाच अंकांवरून तीन आणि तिनावरून दोन अंकांवर कसं आलं, याची कारणं अभ्यासक इब्सेनमध्ये शोधतात. शोधोत. मी त्यात कर्जत लोकलही धरतो.

ऑपेरा हाऊसबद्दल दोनच वाक्यं. पंचम जॉर्जच्या हस्ते १९११ मध्ये, बांधकाम पुरं व्हायच्या आतच त्याचं उद्घाटन उरकलं. नव्वदच्या दशकात ते बंद पडलं आणि डागडुजी होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. अत्यंत देखणं आहे, जरूर बघा, पण ते उघडलं तोवर गिरगावातला मराठी प्रेक्षक दहिसरला गेला होता.

गिरगावातलं खरं काम साहित्य संघाने केलं. डॉ. अ. ना. भालेराव पेशाने डॉक्टर, पण मराठी नाटकाची नाडी त्यांनी धरली ती अशा काळात, की बोलपटाने नाटक कंपन्या झोपवल्या होत्या. आधी केळेवाडीत उघड्यावरचं रंगमंदिर आणि मग १९६४ मध्ये बंदिस्त नाट्यगृह. त्याच वर्षी मुंबईची शेवटची ट्राम धावली. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, दादरला शिवाजी मंदिर उघडलं आणि नाटकाचं केंद्र गिरगावातून दादरला सरकलं. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे जिथे भेटतात तिथे. ठाण्याचा माणूस आणि अंधेरीचा माणूस एकाच नाटकाला येऊ शकतो अशी ती जागा. हे कुणी नकाशा काढून केलं असेल असं मला वाटत नाही, पण नकाशा काढूनही याहून चांगली जागा मिळाली नसती.

शिवाजी मंदिराचा रविवार ज्यांनी मागून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. दुपारचं नाटक सुटतं. टाळ्या विरायच्या आत विंगेत हातोडी सुरू होते. आत्ता ज्या भिंतीला टेकून नायिका रडत होती ती भिंत तीन फ्लॅटांत सुटते, दरवाजा चौकटीसकट निघतो, सोफा उलटा होऊन डोक्यावर चढतो. खाली रस्त्यावर पुढच्या नाटकाचा टेम्पो बाजारातल्या गर्दीत अडकलेला असतो आणि हवालदार त्याला हलायला सांगत असतो. दोन बॅकस्टेजवाले एका वेळी एकच बोलतात, तेही ‘सांभाळ’ किंवा ‘तुझ्याकडे’. लेव्हल लागतात, फ्लॅट उभे राहतात, मागून टेकू बसतात. कुणीतरी शिडीवर चढून स्पॉट फिरवतं, खाली एकजण नायकाच्या जागी उभा राहून तोंडावर उजेड घेतो. कपडेपटात इस्त्री तापलेली. रंगपटात दुपारच्या मंडळींचे चहाचे कप अजून उचललेले नाहीत आणि रात्रीच्या मंडळींचा मेकअप सुरू. दीड-दोन तासांत एका घराचं दुसरं घर होतं आणि पहिली घंटा होते.

हे कौतुक म्हणून सांगत नाही, यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. लंडनला ‘माउसट्रॅप’ हे एक नाटक १९५२ पासून चालू आहे आणि इतक्या वर्षांत त्याने थिएटर बदललं ते एकदाच. प्रेक्षक तिकडे जातो. आपल्याकडे उलट आहे. आपलं व्यावसायिक नाटक टेम्पोत बसतं आणि प्रेक्षकाच्या दाराशी येतं. शनिवारी पार्ल्याला दीनानाथ, रविवारी दुपारी शिवाजी मंदिर, रात्री ठाण्याला गडकरी, मधल्या वारी कालिदास, प्रबोधनकार, वाशीचं विष्णुदास भावे, कल्याणचं अत्रे आणि तुमचं सावित्रीबाई फुले. कुठल्याही नाट्यगृहाचं स्वतःचं नाटक नाही आणि कुठल्याही नाटकाचं स्वतःचं नाट्यगृह नाही. निर्मात्याची सगळी लढाई तारखांची. रविवारची दुपार मिळाली तर नाटक जगलं, मंगळवार मिळाला तर भाड्याचे वांधे. नेपथ्यकाराला भिंत रंगवतानाच ठरवावं लागतं की ती टेम्पोत मावेल का. मराठी नाटकात इतके दिवाणखाने का, असं विचारणाऱ्याने एकदा तो टेम्पो बघावा.

आता परळ-लालबागकडे वळू, कारण तिथे हा हिशेब फार क्रूरपणे दिसतो. दामोदर हॉल १९२२ चा, ना. म. जोशींनी स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगचा. गिरणगावाच्या मधोमध. कोकणातला गडी मुंबईत एकटा, खानावळीत जेवणारा, कुटुंब गावी. त्याला संध्याकाळ काढायला जागा हवी होती. कामगारांनी लिहिलेली, कामगारांनी केलेली नाटकं इथे झाली. नमन झालं, शक्ती-तुऱ्याचे सामने झाले. गावच्या देवळासाठी, शाळेसाठी, मंडळाच्या मदतीला प्रयोग लावायचा, तिकिटं चाळीचाळीत खपवायची आणि पैसा गावी पाठवायचा. मुंबईत नाटक आणि राजापूर-लांज्यात देवळाचं छप्पर, असा तो व्यवहार. पलीकडे लालबागला हनुमान थिएटर, तिथे तमाशा. घाटावरचा कामगार तिकडे आणि कोकणातला इकडे, अशी ढोबळ वाटणी; पण ती काटेकोर नव्हती, वग सगळ्यांनाच आवडायचा. १९८० मध्ये व्यावसायिक रंगमंचावर ‘वस्त्रहरण’ आलं, गवाणकरांचं आणि मच्छिंद्र कांबळींचं. त्यातली मालवणी समजावून सांगायची गरज नसलेला प्रेक्षक याच चाळींत राहत होता.

आणि मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगारांचा संप. तो संपला असं कधी जाहीरच झालं नाही. गिरण्या गेल्या, मागोमाग माणसं गेली, काही गावी, काही नालासोपाऱ्याला, काही इकडे तुमच्याकडे. तमाशाचं थिएटर बंद पडण्याची कारणं व्हिडिओ, टीव्ही, बदलती अभिरुची अशी सांगतात. ती खरीच आहेत. पण अभिरुची बदलायला आधी माणूस जागेवर असावा लागतो. दामोदर मात्र टिकून होतं. कोकणातल्या मंडळांचे प्रयोग तिथे लागतच होते. ते २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झालं आणि रंगकर्मींनी आंदोलन केलं. त्या जागेवर पुन्हा नाट्यगृह हवं ही मागणी रास्तच आहे. माझी काळजी पुढची आहे. नवं होईल ते वातानुकूलित होईल, चकचकीत होईल आणि त्याचं भाडं गावच्या मंडळाच्या खिशाबाहेर जाईल. इमारत परत मिळेल, नमन परत येईलच असं नाही.

नरिमन पॉइंटला समुद्र हटवून केलेल्या भूमीवर एनसीपीए आहे. टाटा थिएटर १९८० चं, फिलिप जॉन्सनसारख्या वास्तुशिल्पकाराचं. ध्वनी असा की माइकशिवाय शेवटच्या रांगेत ऐकू यावं. तिथे पु. ल. देशपांडे मानद संचालक होते, उत्तम कामं झाली. पण संध्याकाळी सातनंतर नरिमन पॉइंटला राहतं कोण? चर्चगेटपर्यंतची टॅक्सी हा तिथल्या तिकिटाचा न छापलेला भाग आहे. अलीकडे, २०२३ मध्ये, बीकेसीत अंबानींचं केंद्र उघडलं, दोन हजार आसनांचं. तिथेही वस्ती नाही, कचेऱ्या आहेत. त्यांचा प्रेक्षक गाडीने येतो. वाईट काही नाही त्यात, पण तो वेगळा धंदा आहे.

उलट दोन छोट्या जागा बघा. छबिलदास, दादर स्टेशनला खेटून. १९७४ च्या सुमारास ‘आविष्कार’ने, अरविंद आणि सुलभा देशपांड्यांनी, तिथला शाळेचा हॉल घेतला. उंच रंगमंच नाही, मखमल नाही, पंखे होते एवढंच. खाली गल्लीत वडा. प्रेक्षक जमिनीलगत बसायचा आणि नट हाताच्या अंतरावर. हॉल शाळेचा असल्यामुळे भाडं परवडायचं आणि प्रयोग पडला तरी कुणी देशोधडीला लागत नव्हतं. प्रायोगिक रंगभूमीला लागणारी पहिली गोष्ट तीच, पडण्याची मुभा. पुढे ‘आविष्कार’ माहीमला गेलं, पुन्हा एका शाळेतच, तीही महापालिकेची. दुसरी जागा पृथ्वी, जुहूला, ५ नोव्हेंबर १९७८ पासून. दोनशेच आसनं, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक. शशी आणि जेनिफर कपूर यांनी उभं केलं आणि पहिला प्रयोग झाला तो गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा, हिंदीतून. छबिलदासला स्टेशन होतं आणि पृथ्वीला आजूबाजूला नटांचीच वस्ती होती. दोन्हीकडे माणूस चालत येत होता.

एक जागा मात्र घरं दूर गेल्याने नव्हे, इस्पितळं जवळ असल्याने गेली. धोबीतलावचं रंगभवन. उघडं नाट्यगृह, जॅझपासून रॉकपर्यंत सगळं तिथे झालं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, इस्पितळापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र झालं आणि दोन-चार वर्षांत रंगभवन मुकं झालं. नियम बरोबर आहे. रुग्णाची झोप गिटारपेक्षा मोठी. पण उघड्यावर बसून रात्री काही ऐकायची सोय त्या भागात उरली नाही.

आता तुमच्याकडे येतो. प्रेक्षक ठाण्याच्या पुढे येऊन पन्नास वर्षं होत आली. ठाण्यात तलावपाळीला गडकरी रंगायतन १९७८ चं, नंतर कल्याण, डोंबिवली, वाशी, पनवेल अशी नाट्यगृहं झाली. जवळजवळ सगळी पालिकांची आणि जवळजवळ सगळी मोठी. मोठी का? कारण उद्घाटनाच्या फोटोत मोठी दिसतात, आणि वर्षातले निम्मे दिवस ती सत्कार, स्नेहसंमेलनं, मेळावे यांना द्यायची असतात. नऊशे खुर्च्यांपुढे चारजणांचं नवं नाटक घेऊन उभं राहायची हिंमत डोंबिवलीतल्या कुठल्या पोराला होईल? भाडं, लाइट, अनामत, सगळं व्यावसायिक निर्मात्याच्या मापाचं. म्हणून तो पोरगा तालीम इथे करतो आणि प्रयोग करायला अंधेरीच्या एखाद्या शंभर खुर्च्यांच्या स्टुडिओत जातो. सोबत त्याचे आईवडील आणि मित्र लोकल पकडून तिकडे जातात आणि शेवटच्या कर्जतने परत येतात. नट इथला, प्रेक्षक इथला, आणि नाटक मात्र दीड तास लांब.

यावर नवं नाट्यगृह बांधा असं मी म्हणणार नाही. त्याची निविदा निघेपर्यंत त्या पोराला नातवंडं होतील. छबिलदासला कुणी काही बांधलं नव्हतं, होता तो हॉल संध्याकाळी उघडला होता. या गावात शाळा किती आहेत हे तुम्हाला माहीत आहे. आपण बसलो आहोत तोही एका शाळेचाच हॉल आहे. अडीचशे माणसं मावली आहेत, मागची रांग माझ्या विनोदाला हसते आहे, म्हणजे ऐकूही जातं. स्टेशन दहा मिनिटांवर. सकाळी चौकशी केली तर कळलं, व्याख्यानमालेचा आठवडा सोडला तर संध्याकाळी सातनंतर याला कुलूप असतं.

व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांना वेळ ठेवल्याचं कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे. संस्थेचे विश्वस्त पहिल्या रांगेत बसले आहेत, तेव्हा पहिला प्रश्न मीच विचारतो. महिन्यातले चार शुक्रवार, रात्री आठ ते साडेदहा, शिपायाच्या ओव्हरटाइमसकट, या हॉलचं भाडं तुम्ही किती घ्याल?