अपस्मार आणि घरची मिळकत

अपस्मार, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा फेफरे म्हणतो, तो मेंदूचा विकार आहे. बाहेरची बाधा नव्हे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के लोक गरीब व मध्यम मिळकतीच्या देशांत राहतात. वेळेवर निदान आणि नेमाने औषध मिळाले, तर शंभरांतल्या सत्तर जणांच्या फिटा थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मग त्या थांबत का नाहीत? काहींचा आजारच हट्टी असतो. तो श्रीमंताघरीही औषधाला दाद देत नाही. पण पुष्कळदा अडते ते मिळकतीपाशी.

गंमत अशी की, औषध महागच असते असे नाही. फेनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटोइन १९३८ पासून या विकारावर वापरात आहे. दोन्ही स्वस्त. खर्च होतो तो गोळीच्या भोवती. चंदगडच्या मजुराला कोल्हापुरात सीपीआरला यायचे, तर एसटीचे भाडे, सोबत्याचे भाडे आणि दोघांचा बुडालेला रोज! मग फेरी लांबते. गोळ्या संपत आल्या की दोनांची एक होते. इचलकरंजीच्या मागावर रात्रपाळी करणाऱ्याची झोप मोडते. जागरण आणि चुकलेली गोळी एकत्र आली, की फिटेला वाट मोकळी होते. फिट आली की काम सुटते, मिळकत घटते आणि पुन्हा गोळी चुकते. असे हे रहाटगाडगे!

यात आणखी एक मेख आहे. गोळ्या चुकल्याचे रोगी संकोचाने सांगत नाही. डॉक्टरांना वाटते, औषध लागू पडत नाही. ते मात्रा वाढवतात किंवा दुसरे, महाग औषध लिहून देतात. न सांगितलेली अडचण अशी दुप्पट भारी पडते.

म्हणून डॉक्टरांना खोकला-ताप सांगता, तशी पैशाची ओढही सांगा. ‘हेच औषध जेनेरिकमध्ये मिळेल का? एकदम दोन महिन्यांचे लिहून द्याल का?’ असे बेलाशक विचारा. मात्र गोळी आपल्या मनाने कमी करू नका, एकाएकी बंद तर मुळीच करू नका. त्याने लागोपाठ फिटा येऊन जिवावर बेतते.

आणि मालकांनो, शेजाऱ्यांनो, तुम्हालाही एक सांगणे. फिटा येणाऱ्याला गुऱ्हाळाच्या चुलाणापाशी किंवा विहिरीच्या काठावर उभे करू नका; पण म्हणून घरीही बसवू नका. त्याला धोक्यापासून दूरचे, दिवसाचे काम द्या. त्याचा रोज चालू राहिला, तर त्याची गोळीही चालू राहील.