उलटी फिरणारी मोटर

श्रोतेहो, आपला भंडारा जिल्हा धानाचा, आणि धान आले की गिरणी आली. ट्रान्सफॉर्मर बदलला किंवा तारांची दुरुस्ती झाली, की कधीकधी असे होते. बटण दाबावे तर मोटर उलटी फिरते, धान वर नेणारी बादल्यांची माळ मागे सरकते आणि खाली धान तुंबते. अशा वेळी मोटर बिघडलेली नसते. कुठेतरी दोन तारांची अदलाबदल झालेली असते. आधी शेजारच्या मोटरी पाहाव्यात. त्याही उलट फिरत असतील तर दोष लाइनवर आहे, महावितरणला कळवावे. आपली एकट्याची जोडणी बदलली, तर लाइन दुरुस्त होताच पुन्हा तीच पंचाईत!

तीन फेजच्या तारांत विजेचा जोर पाळीपाळीने येतो. गुरुजींनी वर्गात तीन मुले गोल उभी करावीत : क, ख, ग. त्याच क्रमाने टाळ्या वाजवायला सांगावे. टाळी गोल फिरेल. आता ख आणि ग यांच्या जागा बदला. टाळी उलट फिरू लागेल. पण तिघांनाही एकेक जागा पुढे सरकवले, तर फेरा पहिल्यासारखाच! म्हणून दोनच तारा बदलायच्या, कोणत्याही.

काम पाच मिनिटांचे, पण ते परवाना असलेल्या वायरमनचे. स्टार्टर बंद केला म्हणजे वीज गेली, ही समजूत जिवावर बेतते. स्टार्टरला येणाऱ्या तारांत ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतोच. मेन स्विच बंद करून तिन्ही फ्यूज काढावेत आणि खिशात घालावेत. होय, खिशातच, कारण ‘लाइन का गेली’ म्हणत स्विच वर करणारा कोणीतरी निघतोच. मग तिन्ही तारा टेस्टरने तपासाव्यात. टेस्टर आधी चालू तारेवर पारखलेला असावा. अर्थिंगची तार जागची हलवू नये. पट्टा उतरवून मोटर क्षणभर फिरवावी, दिशा पाहावी, पुन्हा मेन बंद करून मगच पट्टा चढवावा.

वर्कशॉपात दिशा मुद्दाम बदलतात. तेथे चालती मोटर एकदम उलटवू नये, पूर्ण थांबू द्यावी. जुन्या लेथचा आट्यांवर बसवलेला चक उलट फिरताना सुटून अंगावर येऊ शकतो.

सिंगल फेजच्या मोटरला मात्र बाहेरच्या दोन तारा बदलून काहीच होत नाही. तिच्या आतल्या सुरुवातीच्या वेटोळ्याची टोके बदलावी लागतात. ते वाइंडिंगवाल्याकडूनच करून घ्यावे.