तंबूतील शाळा
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक समारंभात केलेले भाषण)



शिक्षक बोलायला उभा राहिला की तो उपदेश करणार, हे आपण धरूनच चालता. मी आज एका शिक्षिकेची हकिकत तेवढी सांगणार आहे.

अकीला आसिफी या काबूलच्या शिक्षिका. 1992 साली यादवीमुळे घरदार सोडून, पती व मुलांसह त्या पाकिस्तानात आल्या आणि पंजाबातील मियांवाली जिल्ह्यात कोट चंदना या निर्वासितांच्या वस्तीत राहिल्या. वस्ती अफगाण पठाणांची, रीतिरिवाज कडक. मुलींसाठी शाळाच नव्हती.

बाईंनी कोणाशी वाद घातला नाही. घरोघर जाऊन त्या आईबापांशी बोलल्या, बुजुर्गांची परवानगी मिळविली आणि उसन्या तंबूत मूठभर मुलींचा वर्ग सुरू केला. आरंभी शिकविले काय? स्वच्छता, घरकाम आणि दीनी तालीम! कोणाही बापाला हरकत घेता येऊ नये असे विषय. विश्वास बसल्यावर मग भाषा, गणित, इतिहास, भूगोल. मी बी.एड. केले, पण ही युक्ती आम्हाला कोणी शिकविली नव्हती.

फळा नव्हता. बाई कापडाच्या तुकड्यांवर धडे लिहीत आणि ते तंबूच्या भिंतींना शिवून टाकीत. आमच्याकडे खडू संपला तरी तास बुडतो, हे येथे कबूल केलेले बरे.

2015 साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने त्यांना नान्सेन पारितोषिक दिले. 1954 मध्ये हे पारितोषिक प्रथम एलिनॉर रूझवेल्ट यांना मिळाले होते. सोबत कार्यासाठी एक लाख डॉलर. तोवर हजाराहून अधिक मुली त्यांच्या हाताखाली शिकून गेल्या होत्या. जगाला कळायला तेवीस वर्षे लागली. माझ्या मते मोठी पावती त्याआधीच मिळाली होती. ज्या वस्तीत मुलीला शिकविणे नामंजूर होते, तेथेच पुढे आणखी शाळा निघाल्या.

आता दुःखाची बाजू. 2021 मध्ये तालिबान सत्तेवर आल्यापासून अफगाणिस्तानात सहावीपुढे मुलींना शाळा बंद झाली. 2023 पासून पाकिस्तानने अफगाणांना मोठ्या संख्येने परत पाठविले. त्यांत शाळेत जाणाऱ्या मुलीही होत्या.

आपल्याकडे ना युद्ध, ना बंदी. तरी जून महिना आला की आठवीच्या मुलींचे दाखले मागायला पालक येतात. गेल्या जूनमध्ये एक गृहस्थ म्हणाले, "सर, पुरे झाले. आता घरकाम शिकू द्या तिला."

मी म्हटले, "चाचा, बसा. घरकामापासूनच सुरू झालेल्या एका शाळेची गोष्ट सांगतो."

ते बसले नाहीत, उभ्यानेच ऐकले. "ठीक आहे, ईदनंतर बघू," म्हणाले आणि दाखला न घेता गेले. ईद होऊन गेली. मुलीचे नाव अजून माझ्या हजेरीपटावर आहे.