पांढरं मांजर, निळे डोळे आणि बंद कान

शेळ्यांच्या लसीकरणावर आपण बोललो, त्यानंतर एका बचत गटाकडून प्रश्न आला. शहरात पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या मांजराच्या पिल्लाला चांगले पैसे मिळतात म्हणे, तर गटाने मांजरं पाळून पिल्लं विकायचा धंदा करावा का? प्रश्न सरळ आहे. पण उत्तरासाठी मला तुम्हाला थोडं लांब न्यावं लागेल, पार तुर्कस्तानात.

तुर्कस्तानची राजधानी अंकारा. तिचं जुनं नाव अंगोरा. अंगोरा म्हटलं की आपल्याला मऊ लोकरीचा ससा आठवतो. मोहेर नावाची चमकदार लोकर देणारी शेळीही याच गावाच्या नावाची. आणि तिसरं मांजर. अंगोरा मांजर अंगाने सडपातळ, पाय लांब, कान मोठे नि उभे, शेपूट चवरीसारखी झुबकेदार. केस रेशमासारखे लांब, पण खाली दाट लव नसते, त्यामुळे ते फारसे गुंतत नाहीत. ही मांजरं काळी, करडी, तांबूसही असतात, पण नाव झालं ते पांढऱ्याचं.

सतराव्या शतकात पेरेस्क नावाच्या एका फ्रेंच विद्वानाने अशी मांजरं फ्रान्सला आणवली आणि मग बड्या घरच्या बायकांच्या मांडीवर ती दिसू लागली. इतकं कौतुक झालेलं जनावर वाढायला हवं की नाही? झालं उलटंच. १८७१ साली लंडनमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं, पुढे अशी प्रदर्शनं वाढली आणि लोकांना गुबगुबीत, गोल तोंडाची पर्शियन मांजरं आवडू लागली. त्या पर्शियनचे केस आणखी रेशमी व्हावेत म्हणून अंगोराशी संकर करत गेले. संकर करता करता मूळ अंगोरा युरोपात जवळजवळ संपलं. आपल्याकडे गावरान कोंबडीचं किंवा डांगी गाईचं काय होतंय हे तुम्ही जाणता, त्यामुळे जास्त सांगत नाही.

वाचलं ते त्याच्या मूळ गावी. अंकाराच्या प्राणिसंग्रहालयात पांढरी अंगोरा मांजरं जपून वाढवली होती. १९६२ साली एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने आणि त्याच्या बायकोने तिथून एक जोडी नेली आणि बाहेरच्या जगात ही जात पुन्हा उभी राहिली. अमेरिकेतल्या मांजरांच्या मोठ्या संस्थेने मात्र सुरुवातीला फक्त पांढऱ्यांनाच मान्यता दिली. बाकीच्या रंगांना १९७८ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे पुन्हा पांढऱ्याचाच आग्रह. आणि खरी गोम तिथेच आहे.

पांढरं मांजर पांढरं का होतं? पोटात पिल्लू वाढत असताना रंग देणाऱ्या पेशी अंगभर पसरतात. पांढऱ्या मांजरात त्या नीट पसरत नाहीत. कातडीत पोचल्या नाहीत तर केस पांढरे, बुबुळात पोचल्या नाहीत तर डोळा निळा. याच पेशी कानाच्या आतल्या भागातही लागतात. तिथे त्या नसल्या तर जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकण्याची यंत्रणा झिजते आणि पिल्लू कायमचं बहिरं होतं. त्यावर औषध नाही. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांपैकी निम्म्याहून जास्त बहिरी निघतात. एक डोळा निळा नि एक पिवळा असेल, तर बऱ्याचदा निळ्या बाजूचा कान गेलेला असतो. चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात निळ्या डोळ्यांच्या मांजरांचं हे बहिरेपण नोंदवलं होतं. ज्या डोळ्यांचे पैसे मोजतात, त्यांची किंमत पिल्लू कानांनी चुकवतं.

हे फक्त अंगोराचं नाही हं. तुमच्या ओसरीवरचं साधं पांढरं मांजरही याच कारणाने बहिरं असू शकतं. हाक मारली तरी येत नाही म्हणून माजोरडं ठरतं, मार खातं, नाहीतर ट्रॅक्टरखाली जातं. पारख सोपी आहे. पिल्लू झोपलेलं असताना त्याच्या पाठीमागे उभं राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवा. जमिनीवर पाय आपटू नका, कारण हादरा त्याला कळतो. कान हललाही नाही, असं दोन-तीनदा झालं, तर ते बहिरं समजा. पण बहिरं मांजर टाकून द्यायचं नसतं. त्याला रस्त्याकडे मोकळं सोडू नका, उठवायचं तर आधी जमिनीवर थोपटा, आणि जेवायला बोलावताना हाताची एकच खूण रोज करा. पटकन शिकतं ते.

दुसरी काळजी उन्हाची. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकांना आणि नाकाला आपलं ऊन सोसत नाही. वर्षानुवर्षं ऊन लागून तिथे कॅन्सर होतो. टोक लाल झालं, खपली धरली आणि ती भरून येत नसेल, तर हळद लावत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. वेळेत कानाचं टोक काढलं तर मांजर वाचतं. दुपारी त्याला सावलीत ठेवा.

अंगोराचा स्वभाव म्हणाल तर चपळ आणि चौकस. फडताळाच्या वर चढून बसणार, घरातल्या एकाच माणसाचा लळा लावून घेणार, पण फार वेळ उचलून धरलेलं खपत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा विंचरलं की केसांचं भागतं.

खाण्याचं मात्र कुठल्याही मांजरासाठी ऐका. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर पोसत नाही. मांस-मासळीतला एक घटक मिळाला नाही तर त्याची नजर जाते, हृदय कमजोर होतं. आणि गुरांच्या गोचिडांचं औषध मांजराला कधीही लावू नका, आपल्या तापाची पॅरासिटॅमॉलची गोळी तर अजिबात देऊ नका. दोन्हींनी मांजर दगावतं. रेबीजची लस टोचून घ्या.

आता गटाच्या प्रश्नाकडे. माझं मत, हा धंदा करू नका. पांढरा रंग कुठल्याही मांजरात येतो, त्यावरून जात ठरत नाही. अंगोरा म्हणून विकायचं तर आईबापांची नोंद लागते, आणि ती तुमच्याकडे नसणार. गिऱ्हाईक मागणार निळे डोळे, म्हणून तुम्ही पांढऱ्याशी पांढरंच लावत जाणार आणि दर विणीत बहिरी पिल्लं निघणार. ती कोण घेणार? त्यापेक्षा तेवढ्या भांडवलात दोन चांगल्या शेळ्या येतात, आणि त्यांचं सगळं तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं.

घरात पांढरं मांजर असेल, तर आज संध्याकाळी तेवढी किल्ल्यांची पारख करून बघा आणि काय दिसलं ते आम्हाला कळवा.