मेनू एकदाच लिहायचा
(महासंघाच्या मासिक बैठकीत मांडलेला विषय)



आज माझ्याकडे वसुलीचा विषय नाही, तेव्हा जरा निवांत बसा. आपल्या वेबसाइटबद्दल बोलायचं आहे. "आम्हाला त्यातलं काय कळतंय" असं मागच्या रांगेतून आलंच. पण कळण्यासारखं आहे, आणि नाही कळलं तर नुकसान तुमचंच होतं. झालंय एकदा, तेच सांगते.

आपल्या गटांतल्या चार मुली वेब डिझाइन शिकतायत. सरावासाठी म्हणून त्यांनी आपल्या मालाची वेबसाइट केली. सहा पानं: पहिलं पान, आमच्याविषयी, पापड-कुरडया, मसाले, गोधड्या आणि संपर्क. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक पट्टी असते, तिच्यात या सहाही पानांची नावं. ज्या नावावर बोट ठेवाल ते पान उघडतं. या पट्टीला मेनू म्हणतात. पट्टीच्या टोकाला आपण ऑर्डरचा फोन नंबरही टाकला होता.

मुलींनी ती पट्टी पहिल्या पानावर केली आणि कॉपी करून बाकीच्या पाच पानांवर चिकटवली. शिकताना बहुतेक जणी असंच करतात. दिसायला छान दिसलं, मी शाबासकीही दिली.

मग ऑर्डर घेणाऱ्या ताई बदलल्या, नंबर बदलला. मुलींनी एकेक पान उघडून नवा नंबर टाकला. पाच पानांवर टाकला, गोधड्यांच्या पानावर राहिला. तपासायचं काम माझं होतं आणि मी फक्त पहिलं पान उघडून पाहिलं. म्हणजे चूक मुलींपेक्षा माझी जास्त. एका बाईंना बाळंतविड्यासाठी आठ दुपटी हवी होती. गोधड्यांच्या पानावरचा नंबर त्यांनी चार दिवस लावला. तो बंद. त्यांनी दुसरीकडून घेतली. हे आपल्याला कळलं कधी? त्या प्रदर्शनात आपल्या स्टॉलवर आल्या तेव्हा. आपल्या गोधडीवाल्या मावशी तिथेच बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या महिन्यात मी कांदा काढायला रोजानं गेले होते गं."

ते ऐकल्यावर आम्ही सगळं परत उघडून बसलो.

एक ताई म्हणाल्या, "शिक्का करून घ्या ना, पावतीवर मारतो तसा." कल्पना चांगली, पण शिक्का बदलला तरी आधी मारलेल्या पावत्या काही बदलत नाहीत. आपल्याला हवा होता फळा. ग्रामसंघाच्या खोलीतल्या फळ्यावर मिरचीचा दर लिहिला की विचारणाऱ्या प्रत्येकीला आपण म्हणतो, फळ्यावर बघ. दर बदलला तर एका जागी पुसायचा.

वेबसाइटवर तसंच करता येतं. पानं ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात, त्यात एक पट्टी सगळ्या पानांत आणायची साधी सोय नाही. पूर्वी त्यासाठी फ्रेम वापरत, आता ती पद्धत बाद झाली. म्हणून आम्ही पीएचपी घेतली. रॅसमस लर्डॉर्फ नावाच्या माणसानं स्वतःची वेबपानं सांभाळायला ती १९९४ मध्ये सुरू केली होती, म्हणजे आपल्यासारखीच गरज. मेनू एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचा. मग प्रत्येक पानावर, जिथे पट्टी होती तिथे, एकच ओळ: ती फाईल इथे आण. त्या आज्ञेचं नाव इन्क्लूड. ग्राहकानं पान उघडलं की सर्व्हर मेनू उचलून त्या जागी ठेवतो आणि मग अख्खं पान पाठवतो. ग्राहकाला काही वेगळं दिसत नाही.

यात मुली तीनदा अडकल्या, ते शिकणाऱ्यांसाठी सांगते. पहिलं, पानाच्या फाईलचं शेपूट एचटीएमएल होतं, ते पीएचपी करावं लागलं. दुसरं, फाईलवर नुसतं डबल क्लिक करून मेनू येतच नाही, कारण काम सर्व्हर करतो. आपल्याच कॉम्प्युटरवर झॅम्प टाकलं की सर्व्हर घरी आला, आणि ते फुकट आहे. तिसऱ्यानं दोन दिवस खाल्ले. मसाल्यांचं पान वेगळ्या फोल्डरमध्ये होतं आणि तिथून मेनूतलं एकही नाव उघडेना. स्टँडवरून सांगितलेला रस्ता शाळेपासून चालायला लागलो तर चुकणारच ना! मेनूतला पत्ता, तो ज्या पानावर दिसतो तिथून मोजला जातो. शेवटी सहाही पानं एकाच फोल्डरमध्ये आणली. वेबसाइट छोटी असेल तर हेच बरं, असं माझं मत.

एक धोकाही आहे, तो लपवत नाही. फळा एकच असला की चूकही सगळीकडे जाते. मेनूच्या फाईलमध्ये एक खूण चुकली तर सहाही पानं बिघडू शकतात. म्हणून बदलाआधी फाईलची एक प्रत बाजूला ठेवायची, आणि बदलानंतर सहाच्या सहा पानं मोबाइलवर उघडून बघायची. यात तुमची गरज आहे. मोबाइल तुमच्याकडे आहे, आपला माल तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. प्रत्येक गटानं आपलं पान महिन्यातून एकदा उघडावं, मेनूतला नंबर लावून बघावा, कोण उचलतं ते बघावं.

आणि नंबर, भाव किंवा नाव बदललं तर आधी ते बैठकीच्या रजिस्टरमध्ये लिहा, मग मुलींना सांगा. फोनवर घाईत सांगितलेलं विसरतं, मी स्वतः विसरले आहे.

कालच मेनूत 'दुपटी' असं नवं नाव घातलं. एका फाईलमध्ये एक ओळ, सहाही पानांवर आलं. मावशींनी त्यांच्या नातीच्या मोबाइलवर बघितलं आणि विचारलं, "फोटोत टाका नीट का नाही दिसत?" तो फोटो उद्या उजेडात परत काढायचा आहे.