मूळचे कोणते?



अध्यक्षीणबाईंनी वर्धापनदिनी दोन शब्द बोलावयास सांगितले, म्हणून उभी आहे.

बारामती-इंदापूरकडील आपली मंडळी अनेक वस्त्यांतून आलेली. कोणाचे आजोबा गावकुसाबाहेर राहिले, तर कोणाच्या कुळावर इंग्रज सरकारच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच शिक्का मारला. तो कायदा 1952 साली रद्द झाला. बाप्तिस्म्याने सर्वांस एकच नाव मिळाले. पण ते आपण एकमेकींस दिले काय?

माझीच चूक सांगते. लेकीला स्थळ आले. मुलगा सुशील, नेमाने उपासनेस येणारा. तरी मी विचारले, "मूळचे कोणते?" त्याची आई काही बोलली नाही. चहा तसाच ठेवून उठली. पुढच्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर घेताना माझा हात थरथरला. त्याच सायंकाळी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने जवळ बसवून घेतले. सोयरीक मात्र मोडली ती मोडलीच.

शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावी, पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळातील अनाथ मुलींस आश्रय दिला. भुकेल्या लेकरांचे कूळ पाहिले नाही.

पवित्र जीवन म्हणजे केवळ रविवारचे स्वच्छ लुगडे नव्हे. स्वर्गात एका पंक्तीस बसण्याची आशा आपण धरतो, मग इथल्या पंक्तीत भेद कशाला? यंदा मंडळाने एवढाच नेम करावा: सोयरीक जुळविताना तो प्रश्न विचारावयाचा नाही. पहिला नेम माझा.