लपविलेले दुखणे

गाझियाबादहून दिल्लीकडे येताना रुळांकाठच्या भिंतींवर ठळक अक्षरांत रंगविलेल्या जाहिराती दिसतात: बवासीर व भगंदर यांवर 'शर्तिया इलाज'. बवासीर म्हणजे आपली मूळव्याध. डब्यातील सारेच प्रवासी त्या वाचतात. ज्याला गरज असते तो मात्र नजर वळवितो. कचेरीतला कारकून दाढ दुखते म्हणून रजा मागेल. पण शौचाच्या वेळी रक्त पडते, हे तो घरातही बोलत नाही. या संकोचावरच भिंतींचा धंदा चालतो.

संकोचामुळे त्या जागेच्या प्रत्येक दुखण्याला मूळव्याध हे एकच नाव मिळते. वस्तुतः दुखणी निरनिराळी असतात. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या निसर्गतःच असतात. बद्धकोष्ठामुळे रोज कुंथावे लागले, वा गर्भारपणी भार पडला, की त्या सुजून खाली उतरतात. ही मूळव्याध. हिच्यात लालभडक रक्त जाते, परंतु आतले मोड सहसा दुखत नाहीत. सुरी फिरल्यासारखी कळ शौचानंतरही टिकत असेल, तर ती बहुधा चीर असते. आयुर्वेदाने तिला परिकर्तिका हे नेमके नाव दिले आहे. भगंदराची गोष्ट याहून वेगळी. आतील ग्रंथीत पू होतो, गळू फुटते, आणि पुवाची वाट नळीसारखी तशीच उरते.

चीर नवी असेल वा मूळव्याध आरंभीची असेल, तर कोंडा न काढलेल्या पिठाची भाकरी, पालेभाज्या, पुरेसे पाणी, रात्री इसबगोल आणि कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसणे, एवढ्यानेही पुष्कळांना आराम पडतो. शौचकूपात रेंगाळू नये, हे पथ्य मात्र अवघड. पूर्वी तेथे वर्तमानपत्र जात असे, आता मोबाईल जातो.

भगंदर असे पथ्याने भरून येत नाही. त्याला शस्त्रक्रिया लागते, नाहीतर क्षारसूत्र. दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस लेप देतात. तो दोरा नळीतून ओवून बांधतात आणि साधारण आठवड्याने बदलतात. नळी हळूहळू कापली जाते आणि मागून भरत येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने शस्त्रक्रियेशी त्याची तुलना केली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्षारसूत्राला सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेला चार. पण वर्षभरात भगंदर उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात शेकडा ४, तर शस्त्रक्रियेनंतर ११ होते. अर्थात दोरा ओवणारा हात शिकलेला हवा. गंमत अशी की, भारतीय औषधांच्या शुद्धतेची मानके ठरविणारा आयोग गाझियाबादेतच आहे, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तेथे युनानी चिकित्सेच्या राष्ट्रीय संस्थेचे उद्घाटनही झाले. भिंतीवरच्या वैद्याला यांपैकी कशाचीच अडचण वाटत नाही.

त्याच्या मलमाने पैसे बुडतात, हे नुकसान त्या मानाने लहान. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोगही पुष्कळदा रक्ताच्या रूपानेच प्रथम दिसतो, आणि रोगी त्याला मूळव्याध समजून महिनेच्या महिने घालवितो. शौचाची सवय बदलणे, रक्त मलात मिसळून जाणे, वजन घटणे, अंगातले रक्त कमी होणे, यांतले काहीही आढळले तर थांबण्यात अर्थ नाही. चाळिशी ओलांडलेल्याने तर नुसते रक्त दिसले तरी वैद्यांकडून तपासून घ्यावे. पहिली तपासणी हातमोजा घातलेल्या बोटाने होते, आणि तिला दोन-तीन मिनिटे लागतात.